सर्व्हर आणि व्हीएमची साठवण: पहिल्यांदा जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

ऑफिसातल्या सर्व्हरची जबाबदारी पहिल्यांदा अंगावर आली की बहुतेकांचं लक्ष आधी सीपीयू आणि रॅमकडे जातं. पण सीपीयू कमी पडला तर काम मंदावतं, एवढंच. डिस्क भरली तर काम थांबतं, आणि डिस्क गेली तर वर्षानुवर्षांच्या नोंदी जातात. म्हणून सुरुवात साठवणीपासून करा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एकट्या फिजिकल सर्व्हरवर जागेचा प्रश्न सरळ असतो. ऑपरेटिंग सिस्टिम सांगते इतकी जागा उरली, आणि ती खरोखर उरलेली असते. व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे एका खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालवलेला आभासी सर्व्हर) आलं की तोच प्रश्न चार ठिकाणी विचारावा लागतो: व्हीएमच्या आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला, व्हर्च्युअल डिस्कच्या फाइलला, डेटास्टोअरला (जिथे या डिस्कच्या फाइली ठेवतात ती जागा) आणि खालच्या रेड ग्रुपला (अनेक डिस्का एकत्र बांधून केलेला गट) किंवा स्टोरेज बॉक्सला. चारही उत्तरं वेगळी येतात. व्हीएम म्हणेल अर्धी जागा रिकामी आहे, आणि त्याच मिनिटाला डेटास्टोअर काठोकाठ भरलेलं असेल. कोणत्या थराने कोणाला किती जागा कबूल केली आहे, हे ज्याला ठाऊक असतं त्याच्याकडे रात्री-अपरात्री फोन येत नाहीत.

उदाहरणासाठी एक ऑफिस कल्पू या. गोरेगावात औषधांची घाऊक विक्री करणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, साठेक माणसं, एक जुना सर्व्हर आणि त्याच्या जागी नवा होस्ट (व्हीएम ज्यावर चालतात तो खरा सर्व्हर) घेऊन त्यावर सहा व्हीएम चालवायचा बेत.

१. खरेदीच्या आधी मोजणी

वेंडरला फोन करण्याआधी जुन्या मशीनवर बसा आणि लिहून काढा. अंदाज नको, आकडे हवेत. आमच्या कल्पनेतल्या ऑफिसात यादी अशी निघाली: डोमेन कंट्रोलर (ऑफिसातली लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) ८० जीबी, हिशोबाचं सॉफ्टवेअर २०० जीबी, एसक्यूएल डेटाबेस ४०० जीबी, फाइल सर्व्हर १५०० जीबी, बिलिंगचं वेब ॲप्लिकेशन १०० जीबी, लॉग सर्व्हर ३०० जीबी. बेरीज २५८० जीबी.

नवखा माणूस इथेच थांबतो आणि ३ टीबीची ऑर्डर देतो. पण व्हीएमला डिस्कपलीकडेही जागा लागते. व्हीएमवेअरवर (व्हीएम चालवणारं एक सॉफ्टवेअर) व्हीएम सुरू होताना डेटास्टोअरवर एक स्वॅप फाइल (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) तयार होते. व्हीएमला दिलेल्या रॅममधून राखीव ठेवलेली रॅम वजा केली की उरेल तेवढा तिचा आकार. सहा व्हीएमना मिळून ८८ जीबी रॅम दिली आणि काहीच राखीव ठेवलं नाही, तर ८८ जीबी डिस्क तिथेच गेली. डेटास्टोअर भरलं असेल तर बंद केलेलं व्हीएम पुन्हा सुरूच होत नाही, त्याचं एक कारण हेच. स्नॅपशॉटसाठी (व्हीएमची त्या क्षणी गोठवलेली अवस्था, भाग ७ बघा) मी साधारण १५ टक्के धरतो, म्हणजे आणखी ३९० जीबी. आतापर्यंत ३०५८.

मग वाढ. फाइल सर्व्हर आणि डेटाबेस मिळून महिन्याला २५ जीबी वाढत असतील तर तीन वर्षांत ९०० जीबी. एकूण ३९५८. आणि डेटास्टोअर ८० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं, तर ३९५८ भागिले ०.८, म्हणजे सुमारे ४९५० जीबी वापरता येण्याजोगी जागा हवी. २५८० वरून निघालो होतो, जवळजवळ दुप्पट झालं. हा कागद साहेबांसमोर ठेवलात की बजेटवरचं अर्धं भांडण आपोआप मिटतं.

खोक्यावर छापलेला आकडा आणि स्क्रीनवर दिसणारा आकडा यांतला फरक याच वेळी समजून घ्या. डिस्क बनवणारी कंपनी १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरते. विंडोज हजाराऐवजी १०२४ ने मोजतं, लिनक्सवरची डीएफ कमांड मानवी आकड्यांत दाखवतानाही तसंच करते. त्यामुळे १.९२ टीबीची एसएसडी १.७५ च्या आसपास दिसते. तिची जागा कोणी चोरलेली नसते.

२. कायदा किती जागा मागतो

हा भाग तांत्रिक लोक वगळतात आणि नंतर ऑडिटच्या वेळी धावाधाव होते. सर्ट-इनने (भारत सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार सगळ्या आयसीटी (माहिती आणि संपर्क तंत्रज्ञान) यंत्रणांचे लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, सुरू ठेवून मागचे १८० दिवस सुरक्षित सांभाळावे लागतात. दिवसाला दीड जीबी लॉग येत असेल तर १८० दिवसांचे २७० जीबी. वरच्या यादीतले लॉग सर्व्हरचे ३०० जीबी तिथून आले. हा सर्व्हर वेगळ्या व्हर्च्युअल डिस्कवर ठेवा. फायरवॉलवर एखादा हल्ला झाला की लॉग एका रात्रीत फुगतात, आणि त्या फुगण्याने बाकीच्यांचा श्वास कोंडता कामा नये. याच निर्देशांत घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) जुळवून ठेवण्याचंही बंधन आहे. होस्टचं घड्याळ चुकलं की सगळ्या व्हीएमच्या लॉगची सांगड बिघडते, म्हणून ते आधी लावा.

हिशोबाची पुस्तकं कंपनी कायद्यानुसार आठ वर्षं ठेवायची. २०२२ च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर, रोजच्या रोज असावा लागतो. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी ऑडिट ट्रेल बंद करता येत नाही. त्या नोंदी डेटाबेसमध्येच साठतात, त्यामुळे जुन्या वर्षांच्या वाढीवरून नव्या वर्षांचा अंदाज बांधलात तर तो कमी पडेल. अकाउंट्समधल्या माणसाला शेजारी बसवून हे आकडे काढा. त्यांना जे माहीत असतं ते आपल्याला नसतं.

३. वेग: मोठी डिस्क म्हणजे वेगवान डिस्क नव्हे

७२०० आरपीएमची फिरती डिस्क सेकंदाला ७५ ते १०० वाचन-लेखन कामं करते, १० हजार आरपीएमची साधारण १४०. ही संख्या म्हणजे आयओपीएस. डिस्क ४ टीबीची असो की १६ टीबीची, आयओपीएस तेवढेच राहतात. फिजिकल सर्व्हरवर एकच ॲप्लिकेशन ओळीने वाचत असतं तेव्हा हे खपून जातं. एका डिस्कग्रुपवर सहा व्हीएम बसवले की सगळ्यांच्या मागण्या एकमेकांत मिसळतात आणि डिस्कच्या दृष्टीने सगळं काम विस्कळीत होतं.

जुन्या सर्व्हरवर विंडोज असेल तर परफॉर्मन्स मॉनिटर, लिनक्स असेल तर आयोस्टॅट किमान आठवडाभर चालू ठेवा. त्या आठवड्यात महिनाअखेर यावी हे बघा, कारण बिलिंगचा खरा भार तेव्हाच कळतो. समजा, गर्दीच्या वेळी २४०० आयओपीएस दिसले, त्यातलं ७० टक्के वाचन आणि ३० टक्के लेखन.

आता रेडचा दंड मोजा, म्हणजे प्रत किंवा तपासणीची माहितीही लिहावी लागल्याने वाढणारं काम. रेड १० मध्ये (प्रत्येक गोष्ट दोन डिस्कांवर) एका लेखनासाठी खाली दोन कामं होतात, रेड ५ मध्ये (एक डिस्क गेली तरी चालतं) चार, रेड ६ मध्ये (दोन गेल्या तरी चालतं) सहा. वाचन १६८०, लेखन ७२०. रेड १० ला खाली ३१२० कामं, रेड ५ ला ४५६०, रेड ६ ला ६०००. १० हजार आरपीएमच्या डिस्का घेतल्या तर रेड ५ साठी ३३ लागतील, रेड १० साठी, जोडीने लावायच्या म्हणून, २४. एवढ्या डिस्का एका सर्व्हरमध्ये कोण बसवणार? एक साधी साटा एसएसडी मात्र हजारोंच्या घरात आयओपीएस देते. म्हणून व्हीएमसाठी एसएसडी, आणि फिरत्या डिस्का बॅकअपसाठी, हे माझं ठाम मत आहे. ऑफिस लहान असलं तरीही.

एसएसडी घेताना मात्र सर्व्हरसाठी बनवलेलीच घ्या. लॅमिंग्टन रोडवर घरगुती पीसीची एसएसडी स्वस्तात मिळते आणि कागदावर तिचा वेग जास्तही दिसतो. पण तिच्यात सहसा वीज गेल्यावर हातातलं लेखन पूर्ण करणारे कपॅसिटर नसतात, आणि लेखन सोसायची क्षमताही कमी असते. सर्व्हरच्या एसएसडीवर ती क्षमता डीडब्ल्यूपीडी या आकड्यात लिहिलेली असते. १.९२ टीबीच्या डिस्कवर १ डीडब्ल्यूपीडी म्हणजे वॉरंटीच्या काळात रोज १.९२ टीबी लिहिलं तरी चालेल. आपल्या ऑफिसाला तेवढं पुरून उरतं.

४. रेड निवडताना

४९५० जीबी हवेत. १.९२ टीबीच्या सहा एसएसडी रेड १० मध्ये लावल्या की ५.७६ टीबी मिळतात, स्क्रीनवर सुमारे ५.२. काम भागलं. सातवी डिस्क हॉट स्पेअर म्हणून, म्हणजे बिघाड होताच आपोआप कामाला लागणारी राखीव डिस्क म्हणून, आतच लावून ठेवा.

स्पेअर का, ते वॉरंटीच्या कागदावर बघा. साध्या सपोर्टमध्ये "नेक्स्ट बिझनेस डे" लिहिलेलं असतं. शुक्रवारी संध्याकाळी डिस्क गेली तर नवी सोमवारी येणार, आणि मध्ये सुट्टी आली तर मंगळवारी. तोवर ग्रुप एका पायावर उभा. स्पेअर असली की पुनर्बांधणी लगेच सुरू होते.

मोठ्या फिरत्या डिस्कांवर रेड ५ लावू नका. ८ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी या वेगाने सलग भरली तरी १५ तास लागतात, आणि काम चालू असताना त्याच्या कितीतरी पट. त्या काळात उरलेल्या सगळ्या डिस्का पूर्ण वाचल्या जातात, आणि एकाच दिवशी एकाच लॉटमधून आलेल्या असल्यामुळे दुसरीही त्याच वेळी मान टाकू शकते. बॅकअपच्या मोठ्या डिस्कांसाठी रेड ६ ठीक आहे. तिथे लेखनाचा वेग कमी असला तरी चालतं.

रेड चालवणाऱ्या कंट्रोलर कार्डाची कॅश (लेखन तात्पुरतं ठेवायची मेमरी) बॅटरीने किंवा फ्लॅशने राखलेली आहे ना, हे विचारून घ्या. ती राखण नसेल तर राइट-बॅक पर्याय (लेखन कॅशमध्ये पोहोचताच पूर्ण झालं असं सांगणारा) बंदच असला पाहिजे, नाहीतर वीज जाताच कॅशमधलं लेखन हवेत विरतं. बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि कार्ड गुपचूप हळू मार्गावर जातं. "सर्व्हर अचानक स्लो झाला" या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा तीच निघते.

५. फिजिकल सर्व्हरची मांडणी

हायपरव्हायजर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा ऑपरेटिंग सिस्टिम दोन लहान डिस्कांच्या रेड १ वर (दोन्हींवर तीच प्रत), डेटा वेगळ्या ग्रुपवर. दोन्ही एकत्र केले तर पुन्हा इन्स्टॉल करायची वेळ आल्यावर हात थरथरतात. २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कला भाग पाडायची जुनी एमबीआर पद्धत चालत नाही, जीपीटी लागते.

लिनक्स असेल तर एलव्हीएम (डिस्कची जागा लवचिकपणे वाटणारी व्यवस्था) वापराच, आणि सगळी जागा पहिल्याच दिवशी वाटून टाकू नका. व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मोकळी ठेवलेली जागा हवी त्या व्हॉल्यूमला चालू मशीनवर देता येते. दिलेली काढून घेणं कठीण, एक्सएफएस ही फाइल सिस्टिम तर लहान होतच नाही. लॉगची डिरेक्टरी वेगळ्या व्हॉल्यूमवर ठेवा, म्हणजे लॉग भरले तरी मूळ सिस्टिम उभी राहील.

इथे एक प्रसंग जवळून बघण्यासारखा आहे, कारण नवख्यांना तो हमखास चकवतो. डीएफ सांगतं १०० टक्के भरलं. तुम्ही डीयू लावून डिरेक्टऱ्या मोजता, बेरीज येते ४० जीबी, आणि डिस्क आहे १०० ची. ६० जीबी कुठे गेले? कोणीतरी मोठी लॉग फाइल डिलीट केलेली असते, पण ती उघडून बसलेला प्रोग्रॅम अजून चालू असतो. नाव पुसलं गेलं तरी जागा सुटत नाही. एलएसओएफ कमांडने डिलीट झालेल्या पण उघड्या फाइली दिसतात. तो प्रोग्रॅम रीस्टार्ट केला की जागा मोकळी होते. आणि डीएफ जागा शिल्लक दाखवत असूनही नवी फाइल बनत नसेल, तर आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंद) संपले आहेत का ते बघा. लाखो छोट्या सेशन फाइली साठल्या की ते घडतं.

आता सर्व्हर ठेवायची जागा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. या शहरात तळघरात किंवा तळमजल्यावर सर्व्हर ठेवायचा विचारही नको. वरच्या मजल्यावरही एसीचं पाणी रॅकच्या डोक्यावर ठिबकणार नाही हे जूनच्या आधी तपासा, कारण स्प्लिट एसीचा ड्रेन पाइप पावसाळ्यात तुंबतो. तापमान १८ ते २७ अंशांत ठेवा. रात्री एसी बंद करून जायची सवय असलेल्या ऑफिसात शिपाईकाका आणि वॉचमनशी स्वतः बोला, दारावर पाटी लावा.

वीज मुंबईत सहसा जात नाही, आणि त्यामुळेच यूपीएसकडे दुर्लक्ष होतं. १२ ऑक्टोबर २०२० ला शहराचा मोठा भाग तासन्तास अंधारात होता. बंद करायचा क्रम ठरवून यूपीएसच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवा: आधी व्हीएम, मग होस्ट, सगळ्यात शेवटी स्टोरेज. सुरू करताना उलटा, आणि व्हीएमपैकी डोमेन कंट्रोलर पहिला.

६. व्हीएमची डिस्क आणि कबूल केलेली जागा

व्हर्च्युअल डिस्क बनवताना विचारलं जातं, थिक की थिन. थिकमध्ये कबूल केलेली सगळी जागा लगेच अडवली जाते. थिनमध्ये व्हीएम जसजसं लिहील तसतशी.

थिनचा तर्क लोकलच्या पासांसारखा आहे. रेल्वे एका गाडीतल्या आसनांइतकेच पास विकत नाही, कारण सगळे पासधारक एकाच गाडीला येत नाहीत. तसंच ५ टीबीच्या डेटास्टोअरवर तुम्ही ७ टीबी कबूल करू शकता, कारण सगळे व्हीएम एकाच दिवशी आपली डिस्क भरत नाहीत. फरक इतकाच की लोकलमध्ये जागा नसली तर माणूस उभा राहतो किंवा पुढची गाडी धरतो. व्हीएमला नवा ब्लॉक मिळाला नाही तर ते जागच्या जागी थांबतं. व्हीएमवेअर ते मशीन थांबवून स्क्रीनवर प्रश्न विचारत बसतं, मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही त्याला पॉज्ड-क्रिटिकल करतं. प्रॉक्समॉक्स या त्याच कामाच्या सॉफ्टवेअरच्या एलव्हीएम-थिनमध्ये तर मेटाडेटाची (कोणता ब्लॉक कुठे आहे याच्या नोंदींची) जागा संपली तर नुकसान जास्त खोल जाऊ शकतं, म्हणून तिथे डेटाची आणि मेटाडेटाची टक्केवारी वेगवेगळी बघा.

म्हणून थिन वापरा, पण तीन अटींवर. कबूल केलेली एकूण जागा खऱ्या जागेच्या दीडपटीपलीकडे नेऊ नका. डेटास्टोअरवर इशारे लावा. आणि स्टोरेज बॉक्सही थिन असेल तर इशारा त्या सगळ्यात खालच्या थरावरही लावा, कारण वरच्या डेटास्टोअरला खालचा खड्डा दिसत नाही. एसक्यूएल डेटाबेसला मात्र मी थिकच देतो; तिथे वाढ ठरलेली असते आणि थांबणं परवडत नाही.

दुसरी बाजू अशी की थिन डिस्क फुगते, आपोआप आटत नाही. फाइल सर्व्हरच्या व्हीएममध्ये तुम्ही ३०० जीबी जुने स्कॅन डिलीट केले. आतलं विंडोज खूश, ३०० जीबी मोकळे. पण खालच्या थराला कळवलंच नाही की हे ब्लॉक आता नकोत, तर डेटास्टोअरवर फाइल तेवढीच जाड राहते. कळवायचं काम ट्रिम किंवा अनमॅप करतं. नवी विंडोज ते स्वतः पाठवते, लिनक्समध्ये एफएसट्रिमचा आठवड्याचा टाइमर चालू आहे ना ते बघा. व्हीएमवेअरमध्ये डेटास्टोअरची फाइल सिस्टिम व्हीएमएफएस ६ असेल तर खालपर्यंत परतफेड आपोआप होते. प्रॉक्समॉक्समध्ये प्रत्येक डिस्कच्या सेटिंगमध्ये डिस्कार्डवर टिक करावी लागते, आणि ती मुळात नसते.

डिस्क वाढवायची वेळ आली की खालून वर जा: रेड ग्रुप किंवा लन (स्टोरेज बॉक्सने डिस्क म्हणून दिलेला तुकडा), मग डेटास्टोअर, मग व्हर्च्युअल डिस्क, मग आत पार्टिशन, एलव्हीएम, फाइल सिस्टिम. मधली एक पायरी राहिली की "डिस्क वाढवली पण दिसत नाही" ही तक्रार येते. व्हीएमवेअरमध्ये स्नॅपशॉट असेल तर डिस्क वाढवताच येत नाही, आधी तो काढा. लहान करायच्या फंदात पडू नका. नवी लहान डिस्क जोडा, डेटा हलवा, जुनी काढा.

डेटाबेसच्या व्हीएमला एकच मोठी सी ड्राइव्ह देऊ नका. सिस्टिम, डेटा, ट्रान्झॅक्शन लॉग आणि टेम्पडीबी (एसक्यूएलचा तात्पुरता डेटाबेस) वेगवेगळ्या व्हर्च्युअल डिस्कवर, आणि शक्य तर वेगळ्या एससीएसआय कंट्रोलरवर. डेटाच्या ड्राइव्हला एनटीएफएसचा अलोकेशन युनिट ६४ केबी ठेवा. व्हीएमवेअरवर पॅराव्हर्च्युअल कंट्रोलर, लिनक्सच्या केव्हीएम आणि प्रॉक्समॉक्सवर व्हर्टआयओ घ्या. जुन्या आयडीई पर्यायावर तीच डिस्क कितीतरी हळू चालते.

दोन होस्ट झाले आणि एक बंद पडल्यावर दुसऱ्यावर व्हीएम उठावेत असं वाटलं, की दोन्ही होस्टना नेटवर्कवरून दिसणारं सामायिक स्टोरेज लागतं: आयस्कझी, एनएफएस किंवा फायबर चॅनल. तेव्हा स्टोरेजची वाहतूक ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा), दोन स्विच, दोन वाटा. जम्बो फ्रेम (नेटवर्कवरची नेहमीपेक्षा मोठी पाकिटं) लावायच्या तर होस्ट, स्विच, स्टोरेज सगळीकडे ९००० लावा, नाहीतर कुठेच लावू नका. अर्धवट लावलेल्या जम्बो फ्रेमचे बिघाड शोधण्यात दिवस जातात. सुरुवातीला एका होस्टवर असाल तर हा खर्च टाळा आणि ते पैसे बॅकअपवर घाला.

७. स्नॅपशॉट

स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क गोठते आणि पुढचं सगळं लेखन एका वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये जातं. मूळ डिस्क भ्रष्ट झाली किंवा हरवली तर डेल्टाचा काही उपयोग नाही. म्हणजे स्नॅपशॉट हा बॅकअप नाही. हे वाक्य सर्व्हर रूमच्या दारावर लिहिलं तरी मला चालेल.

अपडेट टाकण्याआधी घ्या, अपडेट नीट चाललं याची खात्री झाली की काढा. व्हीएमवेअर स्वतः सांगतं की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि साखळीत दोन-तीनपेक्षा जास्त नसावेत, जरी ते ३२ पर्यंत चालू देतं. महिनोन्‌महिने विसरलेल्या स्नॅपशॉटची डेल्टा फाइल मूळ डिस्कइतकी वाढू शकते. मग तो काढायला गेलात की सगळी डेल्टा मूळ डिस्कमध्ये मिसळावी लागते, त्याला तास लागतात आणि तेवढा वेळ डिस्कवर ताण. असा जुना स्नॅपशॉट सापडला तर दिवसा हात लावू नका. शनिवारी रात्री, आदल्या बॅकअपची खात्री करून, काढा. प्रगतीची पट्टी ९९ टक्क्यांवर अडकल्यासारखी दिसली तरी काम बंद पाडू नका.

बॅकअपचं सॉफ्टवेअरही रोज स्नॅपशॉट घेतं आणि काढतं. कधी ते काढायचं राहून जातं आणि यादीतही दिसत नाही. व्हीएमवेअर "कन्सॉलिडेशन नीडेड" असा इशारा देतं. सोमवारी सकाळी तो बघायची सवय लावा, आणि डेटास्टोअरच्या फोल्डरमध्ये डेल्टा फाइली उरल्यात का तेही उघडून पाहा.

८. बॅकअप आणि परत आणण्याची तालीम

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक ऑफिसबाहेर. हा जुना नियम अजून टिकून आहे, फक्त त्यात एक भर पडली: एक प्रत अशी असावी जी ठरावीक दिवस कोणालाच पुसता येणार नाही, ॲडमिनलाही नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स नावाच्या रॅन्समवेअरने जुन्या, पॅच न केलेल्या ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचा हायपरव्हायजर) होस्टवर थेट हल्ला केला आणि व्हीएमच्या फाइलीच कुलूपबंद केल्या. बॅकअप त्याच डेटास्टोअरवर किंवा त्याच डोमेनच्या पासवर्डखाली ठेवणं म्हणजे न ठेवण्यासारखंच.

बाहेरची प्रत पावसाच्या दृष्टीनेही बाहेर असू द्या. गोरेगावचं ऑफिस आणि नवी मुंबईतली प्रत एकाच दिवशी पाण्यात सापडू शकतात. पुणे बरं. क्लाउड वापरत असाल तर ॲमेझॉनचे भारतात मुंबई आणि हैदराबाद असे दोन रीजन आहेत. प्रत दुसऱ्या शहरात ठेवली की हिशोबाच्या पुस्तकांचं भारतातच राहण्याचं बंधनही पाळलं जातं. लाइनचा वेग मोजा. १०० एमबीपीएसच्या लाइनवरून १०० जीबी पाठवायला कागदावर सव्वादोन तास, प्रत्यक्षात तीनच्या आसपास. पूर्ण २ टीबी परत आणायचे तर तीच लाइन दोन-अडीच दिवस घेईल. म्हणून जवळची प्रतही हवीच.

डेटाबेसच्या व्हीएमचा बॅकअप घेताना आतल्या व्हीएसएसला (बॅकअपआधी डेटा स्थिर करणारी विंडोजची सेवा) किंवा गेस्ट एजंटला कळवलं जातं ना हे तपासा. नाहीतर अर्धवट लिहिलेल्या अवस्थेतली डिस्क उचलली जाते आणि परत आणल्यावर एसक्यूएल सुरू होताना दुरुस्ती मागतं. फिजिकल मशीनसाठी आत एजंट टाकावाच लागतो, बाहेरून उचलणारं कोणी नसतं.

तीन महिन्यांतून एकदा एक व्हीएम वेगळ्या, बाकीच्यांपासून तोडलेल्या नेटवर्कवर परत आणून बघा. अकाउंट्समधल्या कोणाला तरी बोलवा आणि मागच्या महिन्यातलं एक बिल उघडून दाखवायला सांगा. किती वेळ लागला ते वहीत लिहा. साहेब जेव्हा विचारतील की सर्व्हर गेला तर किती वेळात उभा राहील, तेव्हा तो आकडा सांगा.

९. रोज काय बघायचं

डेटास्टोअर ७० टक्क्यांवर गेलं की ईमेल, ८० वर गेलं की त्याच आठवड्यात कृती, ९० वर फोन. लेटन्सी (डिस्कला उत्तर द्यायला लागणारा वेळ) एसएसडीवर सतत ५ मिलिसेकंदांवर राहू लागली, किंवा फिरत्या डिस्कवर २० वर, तर कोणतं व्हीएम भार टाकतंय ते शोधा. बहुतेकदा दिवसा चालू राहिलेला अँटिव्हायरस स्कॅन किंवा लांबलेला बॅकअप सापडतो. डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवते त्या स्मार्ट नोंदी आणि कंट्रोलरचे इशारे ईमेलवर येतील असं बसवा. सर्व्हरच्या पुढचा पिवळा दिवा बंद दाराआड कोणी बघत नाही. ईमेल खरंच पोहोचतो का, हे एकदा हॉट स्पेअर काढून-लावून पडताळा.

१०. निवृत्त डिस्क

बिघडलेली डिस्क वॉरंटीत परत मागितली जाते. तिच्यावर ग्राहकांची नावं, पत्ते, बिलं असतात. करार करतानाच "डिस्क तुमच्याकडेच ठेवा" असा पर्याय घ्या, थोडे पैसे जास्त पडतात. चालू डिस्क काढत असाल तर एसएसडीला तिचीच सिक्युअर इरेज कमांड द्या, कारण वरून लिहून पुसण्याने एसएसडीचा प्रत्येक भाग पुसला जाईल याची खात्री नसते. ज्या डिस्कवर कमांडच चालत नाही, ती फोडून घ्या, तुमच्या डोळ्यांदेखत, आणि सीरियल नंबर वहीत नोंदवून अधिकृत ई-कचरा पुनर्वापरकाकडे पावती घेऊन द्या. भंगारवाल्याकडे जाऊ देऊ नका, तो कितीही ओळखीचा असला तरी.